कोको, कोकम आणि आठळ्या

फणसवाडीत फणस नाही. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पहिल्यांदा घरी येणारा पाहुणा दोन जिने चढून, धापा टाकत, टेकायच्या आत हाच प्रश्न विचारतो. कधीकाळी असेल. वाडीला नाव पडलं तेव्हा कोणीतरी तो पाहिला असणार. आता इथे व्यंकटेश बालाजीचं देऊळ आहे, कोपऱ्यावर विनय हेल्थ होमची मिसळ आहे आणि उरलेल्या जागेत स्कुटरी आहेत. फणसाचं झाड सोडा, फणस काखोटीला मारून कोणी सरळ चालू शकेल एवढी मोकळी जागासुद्धा नाही. पण आम्ही गिरगावकर याचं वाईट वाटून घेत नाही. कांदेवाडीत कांदे पिकत नाहीत, केळेवाडीत घड लागत नाहीत, जांभूळवाडीत कोणाची जीभ जांभळी झालेली मी पाहिलेली नाही आणि मुगभाटात उद्या कोणी खरोखर मूग पेरायला घेतले तर महापालिका त्याचं पाणी तोडेल. नावावरून वस्तूची अपेक्षा धरायची नाही, हे शहाणपण आम्हाला पत्त्याबरोबरच मिळतं.

ते यंदाच्या मे महिन्यात कामाला आलं. नातीला शाळेतून सुट्टीचा प्रकल्प मिळाला होता: दैनंदिन जीवनातील कोकोचे उपयोग, कोणतेही पाच. चित्रं काढा, एक नमुना चिकटवा. शाळा इंग्रजी, त्यामुळे प्रकल्पाला ‘प्रोजेक्ट’ म्हणायचं आणि तो आजोबांनी करायचा, अशी पद्धत आहे.

“पाच कशाला, पन्नास सांगतो,” असं मी म्हटलं खरं. मग बोटं मोजायला बसलो आणि पहिल्याच बोटावर अडलो. कारण आमच्या घरात कोको म्हणजे नेमकं काय, हेच आधी ठरवायला हवं होतं.

आमच्या लहानपणी या पदार्थाच्या तीन जाती होत्या आणि त्यांच्यात रोटीबेटी व्यवहार नव्हता. पहिली जात चॉकलेट. कागदात गुंडाळलेली, दोन टोकांना पीळ दिलेली कुठलीही गोड गोळी म्हणजे चॉकलेट. तिच्यात कोकोचा कणही नसला तरी चालायचं. मालेगाव तालुक्यातल्या रावळगावला वालचंद हिराचंदांनी 1933 मध्ये साखर कारखाना काढला, पुढे तिथल्या गोळ्या गावोगाव गेल्या, आणि त्यांतली पानाच्या चवीची ‘पान पसंद’सुद्धा आमच्या बोलीत चॉकलेटच होती. विड्याच्या पानाचं चॉकलेट! दुसरी जात कॅडबरी. ही खरी चॉकलेटची वडी. ती वाढदिवसाला, आजारपणात किंवा मामा आला तरच दिसायची. कॅडबरी हे एका कंपनीचं नाव आहे, ती 1948 साली भारतात आली, वगैरे गोष्टी फार नंतर कळल्या. तोवर आम्ही वाण्याकडे जाऊन “अमूलची कॅडबरी द्या” असं बिनदिक्कत मागत होतो आणि वाणीही न हसता देत होता.

आणि तिसरी जात कोको. हा डब्यात राहायचा. डबा फळीवर मागच्या रांगेत, बेकिंग पावडर आणि कापराच्या मधे. चाखून पाहिला तर कडू आणि फुंकर बसली तर नाकात. या भुकटीचा कॅडबरीशी काही रक्ताचा संबंध असेल अशी शंकासुद्धा आम्हाला कधी आली नाही.

तो डबा कधी उघडायचा याचा नियम मात्र ठरलेला होता. दूध लागलं की.

हे जरा समजावून सांगायला हवं. सकाळी आरेच्या बाटल्यांतलं दूध पातेल्यात ओतून आई स्टोव्हवर ठेवायची आणि दूध वर येईपर्यंत दोन मिनिटं गॅलरीत जायची. चाळीच्या गॅलरीत दोन मिनिटं अशी वस्तू अस्तित्वात नाही. तिथे समोरच्या काकू भेटायच्या, काकूंच्या नणंदेचं ठरत आलेलं असायचं, मुलगा कुठल्या बँकेत आहे हे कळेपर्यंत दूध उतू जाऊन, आटून, बुडाला लागून गेलेलं असायचं. लागलेल्या दुधाचा वास कशानेच जात नाही. वेलची घातली तर लागलेल्या वेलचीदुधाचा येतो. अपवाद फक्त कोकोचा. दोन चमचे कोको, चार चमचे साखर, आणि तो करपट वास मुळात कोकोचाच आहे अशी सगळ्यांची खात्री पटते. दुधाचा रंग बदलतो, बुडाचे काळे कणही शोभून दिसतात. आम्ही मुलं आनंदाने कप चाटूनपुसून प्यायचो. वडील मात्र वर्तमानपत्रातून मान वर न करता विचारायचे, “आज कोको? गॅलरीत कोण होतं?”

आईने पन्नास वर्षं हे गुपित समजून सांभाळलं. अजूनही सांभाळते. वय सत्त्याऐंशी, पण लागलेल्या दुधाचा विषय काढला की ऐकू येणं बंद होतं.

तर पहिला उपयोग: झाकणे. मी तो नातीला सांगितला. तिने लिहून घेतला नाही. म्हणाली, “आजोबा, गूगलवर हॉट चॉकलेट दिलंय.” मी म्हटलं, “तेच ते. फक्त गूगलचं दूध लागलेलं नाही.”

पण खोलात गेलं तर हा उपयोग एकट्या आईचा नाही. नारळाच्या वड्या खाली लागल्या की त्या चॉकलेटी वड्या होतात. बिनअंड्याचा केक कुकरमध्ये, शिट्टी नि रिंग काढून, वाळूवर ठेवून भाजायच्या काळात तो एका बाजूने हमखास काळा व्हायचा, म्हणून गृहिणी आधीच पिठात कोको घालून ठेवायच्या. विम्याचा हप्ताच तो. मिठाईच्या दुकानातली दोन थरांची चॉकलेट बर्फी पाहिली की मला आजही संशय येतो. खालचा थर पांढरा शुभ्र, वरचा कोकोचा. वरच्या थराचा मावा नेमका कधीचा होता, हे विचारायची सोय नाही.

*

यानंतर रंग. कोको आपण खातो त्यापेक्षा जास्त नेसतो, हे विधान मी पूर्ण जबाबदारीने करतो. मराठीत रंगांची नावं बहुतेक वस्तूंवरून पडलेली आहेत: बदामी, डाळिंबी, राखी, मोरपंखी. मातकट काळपट रंगाला माझी आजी तपकिरी म्हणायची, कारण तिच्या कनवटीला तपकिरीची डबी असायची आणि रंग पडताळून पाहायला लांब जावं लागत नसे. आईच्या पिढीत तपकीर गेली आणि तोच रंग चॉकलेटी झाला. सूनबाई त्याला कॉफी म्हणते. म्हणजे एकाच रंगाला आजीने नाकात ओढलं, आईने चघळलं आणि सुनेने प्यायलं. दादरच्या साडीच्या दुकानात मी स्वतःच्या कानांनी ऐकलेला संवाद आहे. गिऱ्हाईक म्हणालं, “चॉकलेटी दाखवा.” विक्रेता म्हणाला, “ताई, चॉकलेटी सकाळीच संपला, कॉफीत दाखवू?” हॉटेलातसुद्धा इतक्या सहज कोणी बदली पेय सुचवत नाही.

हाच शब्द माणसाला लावला की मात्र अर्थ उलटा होतो. चॉकलेट हिरो हा नेहमी गोरा, गुळगुळीत आणि मारामारीच्या दृश्यात कुठेतरी आडोशाला असतो. लग्नाच्या जाहिरातीत मुलगी गव्हाळ असते, सावळी असते, क्वचित निमगोरीही असते. चॉकलेटी कधीच नसते. साडीला जो रंग शोभून दिसतो तो नेसणारीला लावायची कोणाची छाती नाही.

नातीने यावर एक साडी काढली आणि रंगवली. तपकिरी खडूने. त्या खडूवर छापलं होतं ब्राऊन.

*

दुपारी समोरच्या काकू आल्या. त्या दिवशी संकष्टी होती. प्रकल्प सोडवायला चाळ एकत्र येते, पण त्यात प्रश्न वाढतात, उपयोग वाढत नाहीत. काकूंनी आल्या आल्या विचारलं, “कोको उपासाला चालतो का हो?”

मला वाटलं होतं हा सोपा प्रश्न आहे. पण उपासाच्या ताटाकडे नीट बघा. बटाटा अमेरिकेतला. रताळं अमेरिकेतलं. शेंगदाणे, हिरवी मिरची, राजगिरा, सगळे तिकडचे. आपला साबुदाणा ज्या कंदापासून करतात तोही मूळचा तिकडचाच. फळं घ्या म्हणाल तर पपई, पेरू आणि चिकू हे त्याच बोटीने आलेले. खिचडीच्या बशीत अस्सल आपलं म्हणावं असं तूप आणि भूक, एवढंच. इतकी मंडळी बिनबोभाट आत आली आणि त्यांच्याच शेजारचा, अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातला कोको मात्र दारात अडवून धरलेला. त्याच्याकडे कुठला कागद कमी होता, कळत नाही.

गंमत म्हणजे हा वाद आपण पहिल्यांदा घातलेला नाही. सतराव्या शतकात युरोपातले कॅथलिक लोक उपासाच्या दिवशी चॉकलेटचे पेले रिचवू लागले आणि धर्मशास्त्री मंडळींत दोन तट पडले. हे पेय की अन्न? पेय असेल तर उपास मोडत नाही, अन्न असेल तर मोडतो. शेवटी ब्रांकाच्चो नावाच्या कार्डिनलने 1664 मध्ये एक प्रबंध लिहून निकाल दिला की द्रवाने उपास मोडत नाही. मी हे काकूंना सांगितलं. काकू म्हणाल्या, “कार्डिनलचं राहू द्या, तुमच्या आईला विचारा.”

आईने खाटेवरून निकाल द्यायला अर्धं मिनिट घेतलं. “कॉफी चालते ना? मग कोकोही चालेल. दुधातला चालेल. पाण्यातला नको, आणि बिस्किटातला तर मुळीच नको, त्यात मैदा असतो.” कार्डिनलला पाण्या-दुधाचा फरक सुचला नव्हता. काकूंना त्या दिवशी चंद्रोदय होईपर्यंत तीन कप कोको झाला. मग त्यांनी शंका काढली, “पण उष्ण की थंड?” हा प्रश्न मी आजवर कुठल्याही परदेशी पुस्तकात वाचलेला नाही आणि आपल्याकडे मात्र त्याच्या उत्तराशिवाय काहीही गिळता येत नाही. आई म्हणाली, उष्ण. तळमजल्यावरच्या सुरतच्या भाभी म्हणाल्या, थंड.

भाभींच्या म्हणण्याला आधार होता. सुरतेत कोल्ड कोको नावाचं प्रकरण आहे. दुधात कोको, साखर आणि थोडं कॉर्नफ्लोअर घालून ते दाट होईस्तोवर आटवायचं, मग इतकं गार करायचं की पेल्याला घाम फुटावा. चमच्याने खायचं की ओठाने प्यायचं हे त्याचं त्यालाही ठरवता येत नाही. सुरतेहून लग्न होऊन फणसवाडीत आलेल्या भाभी लग्नाच्या सामानात काय घेऊन आल्या ते मला माहीत नाही, पण ही कृती घेऊन आल्या हे नक्की. उन्हाळ्यात त्यांच्या दारावरून जाताना आमच्या चाळीतली पोरं उगाचच तहानलेली दिसतात. दूध न लावता मुद्दाम, ठरवून कोको करणारं कोणी आहे, हे आईला पहिल्यांदा कळलं तेव्हा तिने थोडा वेळ विश्वास ठेवला नाही. “काहीच बिघडलं नसताना?” असं तिने विचारलं होतं.

*

उपासाचं पेय हा तिसरा उपयोग धरला. चौथा पैसा. इथे नातीने डोळे मोठे केले. मेक्सिकोत अ‍ॅझ्टेक लोक कोकोच्या बिया चलन म्हणून वापरत. 1545 सालची तिथल्या त्लाश्कालाची एक भावयादी उपलब्ध आहे. चांगली टर्की कोंबडी शंभर बियांना, मोठा टोमॅटो एका बीला. सुकून आक्रसलेली बी असेल तर ती जास्त मोजावी लागे, आपल्याकडे फाटकी नोट चालवताना जसं दोन शब्द जास्त बोलावे लागतात तसं. लबाड लोक बीची साल सोलून आत माती भरत आणि पुन्हा चिकटवून बाजारात खपवत.

“पैशाऐवजी चॉकलेट? खरंच?” नात म्हणाली.

मी म्हटलं, बाळे, फार लांब जाऊ नकोस. आमच्या कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात परवापरवापर्यंत हेच चलन होतं. सुटे नाहीत म्हणून वाणी हातावर दोन गोळ्या ठेवायचा. एक रुपयाला एक, पन्नास पैशांना अर्धी देता येत नाही म्हणून तीही एकच. अ‍ॅझ्टेकांपेक्षा आमची व्यवस्था एका बाबतीत मागासलेली होती: त्याने दिलेल्या गोळ्या तो परत घेत नसे. आमच्या मजल्यावरच्या एका काकांनी महिनाभर त्या साठवल्या आणि महिनाअखेर अडतीस गोळ्या मोजून देऊन साबण मागितला. त्यावर दुकानात जी बाचाबाची झाली तिच्यात चलनाच्या सिद्धांताचे सगळे मुद्दे येऊन गेले. मग मोबाईलवरून पैसे देणं आलं, अठ्ठावीस रुपये म्हणजे अठ्ठावीसच जाऊ लागले आणि त्या गोळ्यांची टांकसाळ बंद पडली.

2024 च्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या वायदेबाजारात कोको टनाला 12,000 डॉलरच्या वर गेला, दोन वर्षांपूर्वी तो अडीच हजारांच्या आसपास होता. जगातला निम्म्याहून अधिक कोको आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन देशांत पिकतो आणि तिथे पाऊस नि रोग यांनी झाडं धरली होती. नंतर भाव उतरला. पण ते काका तेव्हा बातमी वाचून हळहळत होते, की अडतीस गोळ्या ठेवायला हव्या होत्या. त्या गोळ्यांत कोको नव्हताच, हे त्यांना सांगायची माझी हिंमत झाली नाही.

*

औषधाचा उपयोग मी नातीला अर्धाच सांगितला. चॉकलेटच्या वडीसारखं दिसणारं रेचक एके काळी घरोघरी असायचं. आमच्या मजल्यावरच्या एका मुलाला ते कपाटात सापडलं, त्याने ते एकट्याने संपवलं, आणि मजल्यावर सोळा खोल्यांत मिळून संडास तीन. पुढचं वर्णन अनावश्यक आहे. तो आता मोठ्या हुद्द्यावर आहे आणि चॉकलेट खात नाही.

न सांगितलेला अर्धा भाग असा. कोकोच्या बीतून जी चरबी निघते, तिला कोको बटर म्हणतात. ती खोलीच्या हवेला घट्ट राहते आणि 34 अंशांच्या आसपास, म्हणजे शरीराच्या उष्णतेने, वितळते. चॉकलेट जिभेवर विरघळतं ते म्हणून. पण शरीराची उष्णता काही फक्त जिभेवर नसते. औषधनिर्मितीच्या पुस्तकांत हीच चरबी थिओब्रोमा तेल या भारदस्त नावाने येते आणि तिच्यात औषध कालवून ज्या कांड्या करतात त्या तोंडावाटे घ्यायच्या नसतात. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने 1753 मध्ये या झाडाला थिओब्रोमा, म्हणजे देवांचं अन्न, असं नाव दिलं. तेच नाव लावून ते कुठून कुठे जाईल, याची त्याला कल्पना नसणार.

ही 34 अंशांची भानगड मुंबईला मानवत नाही. मे महिन्यात आमच्या खोलीत दुपारी पारा त्याच्याच आगेमागे असतो, त्यामुळे दप्तरात राहिलेली कॅडबरी संध्याकाळी पुस्तकासारखी चाळता येते. नात म्हणाली, “मग न वितळणारं बटर का नाही घालत?” आणि आई खाटेवरून म्हणाली, “कोकमतेल घाला की.”

आम्ही हसलो. आईच्या उशाशी कोकमतेलाचा गोळा कायम असतो. पांढरट, साबणासारखा घट्ट, कोकमाच्या बियांपासून कोकणात घरोघरी काढलेला. टाचेला भेगा पडल्या, ओठ फुटले, की तो दिव्यावर जरा धरायचा आणि चोळायचा. मी सहज म्हणून शोधलं आणि हसू जिरलं. युरोपीय संघाच्या चॉकलेटविषयीच्या 2000 सालच्या नियमात कोको बटरच्या जोडीला, 5 टक्क्यांपर्यंत, सहा वनस्पतींची चरबी चालते असं लिहिलं आहे. त्या सहांत एक कोकम. एक आपला साल वृक्ष. आणि एक आंब्याची कोय! कोकमतेल कोको बटरपेक्षा चढ्या तापमानाला वितळतं, म्हणून गरम हवेत चॉकलेटला आधार देतं. म्हणजे ब्रुसेल्समध्ये बसून साहेबांनी जे पानंच्या पानं खरडून ठरवलं, ते आईने पायाला चोळून ठेवलेलं होतं.

“आणि कोयी तुम्ही कचऱ्यात टाकता,” आई म्हणाली.

*

गणपतीतला चॉकलेटचा मोदक हा सहावा उपयोग होऊ शकला असता. गिरगावात तो विषय नाजूक आहे. मुंबईतला पहिला सार्वजनिक गणपती 1893 साली आमच्याच गिरगावात, केशवजी नाईकांच्या चाळीत बसला, आणि आता काचेच्या कपाटात साच्यातून काढलेले तपकिरी मोदक एकवीसच्या खोक्यात बसतात. या मोदकाला उकड काढावी लागत नाही, कळ्या पाडाव्या लागत नाहीत, तो फुटत नाही आणि सुनेला सासूपुढे उघडा पाडत नाही. आईचं मत एका वाक्याचं: “तो मोदक नव्हे, मोदकाच्या वेषातली कॅडबरी.” मुंबईत चॉकलेटचा गणपती करून त्याचं दुधात विसर्जन करतात आणि ते दूध मुलांना वाटतात, असं मी तिला सांगितलं. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “दूध लागलेलं नव्हतं ना?” म्हणजे ऐकू येतं.

राहिला नमुना. कोकोचं बी चिकटवायचं होतं. क्रॉफर्ड मार्केटात केकच्या सामानाच्या दुकानांतून कोको पावडर किलोवारी मिळते, वड्या मिळतात, चुरा मिळतो, पण बी मागितल्यावर दुकानदाराने माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी कापडाच्या दुकानात जाऊन सरकी मागितली. कोको आपल्याकडे पिकतो केरळ, कर्नाटक, आंध्र, तमिळनाडूत. नारळी-पोफळीच्या सावलीत. कर्नाटकातल्या पुत्तूरला कॅम्प्को या सहकारी संस्थेचा चॉकलेटचा कारखानाही आहे. पण एका बीसाठी मंगळूरची गाडी पकडावी इतकं नातीचं शिक्षण अजून पुढे गेलेलं नाही.

नात चित्र काढायला बसली होती. नेटवरचं झाड बघून तिने खोड काढलं आणि फळं फांद्यांना न काढता थेट खोडाला चिकटवली. मी म्हटलं, चुकलं. ती म्हणाली, नाही, असंच असतं. बघतो तर खरंच. कोकोची फुलं खोडातूनच फुटतात आणि मोठी खडबडीत फळं खोडालाच लगडतात. हे दृश्य कोणाला सांगता? कोकणातल्या माणसाला? मी तिला फणसाचं चित्र दाखवलं. तिनेही मान हलवली. फळ फोडल्यावर तर साम्य आणखी वाढतं. कोकोच्या फळात तीसचाळीस बिया असतात आणि प्रत्येक बी पांढऱ्या, आंबटगोड गरात गुरफटलेलं. गरेच म्हणायचे. फरक एवढाच की आपण फणसाचा गर खाऊन बी बाजूला ठेवतो, आणि ते लोक गर आंबून वाहून जाऊ देतात आणि बी जपतात. त्या बिया काही दिवस केळीच्या पानांखाली आंबवायच्या, वाळवायच्या, भाजायच्या, तेव्हा कुठे त्यांना तो वास येतो.

आणि मग मला हे सापडलं. 2017 मध्ये ब्राझीलमधल्या साओ पावलो विद्यापीठातल्या संशोधकांनी आठळ्या घेतल्या, अगदी कोकोसारख्याच आंबवल्या, वाळवल्या, भाजल्या आणि माणसांना हुंगायला दिल्या. माणसं म्हणाली, चॉकलेट. फणस मुळात आपला, पोर्तुगीजांनी तिकडे नेलेला. तो रिओ शहरातल्या तिजुका राष्ट्रीय उद्यानात इतका माजलाय की त्याला आवरायचं कसं, ही तिथल्या लोकांची काळजी आहे. खरी फणसवाडी रिओला निघाली. मिरची, बटाटा, पेरू देऊन ते आमचा फणस घेऊन गेले आणि आता त्याच्या बीतून कोको काढतायत. या व्यवहारात कोण हुशार, ते ठरवायला पुन्हा कार्डिनल बसवावा लागेल.

मी भाजीगल्लीतून गऱ्यांच्या दोन पुड्या आणल्या. ठाकूरद्वारच्या नाक्यावरून केळीचं पान आणलं. आठळ्या गराच्या चोथ्यासकट जुन्या कुंडीत घालून, पानाने झाकून गॅलरीत ठेवल्या. आईने एकदाच सांगून पाहिलं, “वाळवून मातीत ठेव रे. पावसाळ्यात अळूच्या फदफद्यात घालू.” मी विज्ञानाची बाजू घेतली.

तिसऱ्या दिवशी समोरच्या काकूंनी नाकाला पदर लावून विचारलं, तुमच्याकडेही येतोय का. चौथ्या दिवशी खालच्या मजल्यावर उंदीर मेल्याची वार्ता पसरली आणि दोघांनी आपापल्या माळ्यांची सफाई काढली. पाचव्या दिवशी पालिकेचा माणूस गटाराचं झाकण उघडून पाहून गेला. मी तोंडातून अक्षर काढलं नाही. आमच्या घराला झाकण्याची परंपरा आहे. आठव्या दिवशी पहाटे, चाळ झोपलेली असताना, मी आठळ्या धुतल्या आणि दोन दिवस गच्चीवर वाळवल्या. बायकोने त्या दिवसांत माझ्याशी फक्त गरजेपुरतं बोलणं ठेवलं.

रविवारी दुपारी लोखंडी तव्यावर मंद आचेवर भाजायला घेतल्या. नात वहीपेन घेऊन शेजारी. पहिली दहा मिनिटं आठळीचा नेहमीचा वास, आमटीची आठवण करून देणारा. वीस मिनिटांनी सालं तडकू लागली. मग, कधी झालं ते सांगता येणार नाही, पण वास फिरला. मी तव्यावर वाकलो. नात वाकली. समोरच्या खोलीतून काकूंची मुलं दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, “आजोबा, केक?” तळमजल्यावरून भाभींनी जिन्यात तोंड काढून विचारलं, “कोको बनाव्यो?” नातीने उपयोगांची वही बाजूला ठेवून एक आठळी उचलली, चटका बसला म्हणून फुंकली आणि पुठ्ठ्यावर ‘नमुना’ लिहिलेल्या चौकोनात ती बसते का, ते धरून पाहिलं.

इतक्यात आतून खाट करकरली. आईला दुपारची झोप लागलेली होती. ती उठून बसली, दोनदा हुंगलं आणि हाक मारली, “कोण गं गॅलरीत बोलत उभं राहिलंय? दूध लागलं बघा.”